कंट्रोलची स्लाइड

"काय झाला वन्सं? रंग इलो काय?" शेवंतीने लॅबच्या दारातच वनमालाचा हात धरला.

"नाही गं, नाही आला!" वनमालाला हसू आवरेना. "नाही आला तेच बरं. सहदेवची गाठ मेंदूवरच्या आवरणातली. काढली, विषय संपला!"

"देवान राखल्यान गे माझ्या घोवाक!" पदर खोचून शेवंती धावतच जिना उतरली.

मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात गाठींचे काप रंगवण्यात वनमालाची उमेदीची वर्षं सरली होती. सख्ख्या भावाचा काप मात्र पहिलाच. रोजच्या निळ्या-गुलाबी रंगात आवरणातली गाठ आणि मेंदूतली गाठ जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. म्हणून डॉक्टर शुभांनी शहाऐंशी साली नुकतीच हाती आलेली नवी पद्धत वापरायला सांगितली. मेंदूच्या पेशी असतील तर त्या तपकिरी होणार, आणि तसली गाठ काढली तरी पुन्हा वाढणार.

रिवाज असा की आधी कंट्रोल बघायचा. म्हणजे खात्रीच्या मेंदूचा काप, जो तपकिरी व्हायलाच हवा. हा नियम मोडला तर वनमाला नव्या पोरींना फाडून खायची. आज मात्र भावाची माया आडवी आली. सहदेवची ओली स्लाइड आधी पाहिली, कोरी दिसली, आणि वनमालाबाई सुटल्या दाराकडे.

आता तिने कंट्रोल मायक्रोस्कोपखाली सरकवला. तोही कोराच.

रंगच चढला नव्हता; भावाचं काहीच कळलेलं नव्हतं. रंग उमटवणारं पेरॉक्साइड जुनं होऊन मेलं असणार. आपण हे काय करून बसलो! तिने नवी बाटली फोडली, रंग ताजा कालवला, दोन्ही कापांवर ओतला. कंट्रोल रंगू दे रे देवा, आणि भावाचा नको रंगू देऊस.

कंट्रोल तपकिरी झाला. पाठोपाठ सहदेवचाही.

डॉक्टर शुभांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "मेंदूतलीच आहे गं, वनमाला. मी सांगू का तिला?"

"नको मॅडम. मघाशी मीच सांगितलंय."

बाहेर शेवंती धापा टाकत उभी होती, एका हातात पिशवी, दुसऱ्यात नुकत्याच फोडलेल्या नारळाचं खोबरं. "तोंड उघडा वन्सं, पयलो तुकडो तुमका!"

वनमालाने तोंड उघडलं. खोबरं सावकाश चावून गिळलं. मग शेवंतीच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि म्हणाली, "बस गं जरा."