घरून आणलेली बाटली

दादाच्या रक्ताचा रिपोर्ट हातात आला की धाकटीचं डोकं फिरायचं. रक्त-लघवी तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. सगळ्या जगाचं रक्त तिला कळायचं, सख्ख्या भावाचं तेवढं कळत नव्हतं.

दादाचा मधुमेह जुनाच. पण यंदा त्याच्या पांढऱ्या पेशींनी तिची झोप उडवली होती. न्यूट्रोफिल, म्हणजे कुठे खुट्ट झालं की धावून जाणाऱ्या पेशी, दर खेपेला वाढत होत्या आणि थंड डोक्याच्या लिंफोसाइट कमी होत होत्या. ना ताप, ना जखम. आत काहीतरी धुमसत होतं, आणि मधुमेही माणसाच्या अंगात असं धुमसलं की मूत्रपिंडांवर नजर ठेवावीच लागते. नुसत्या पेशींवरून काही सिद्ध होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. लघवीत प्रथिनं सापडायला हवीत. आणि दादाची लघवी दर वेळी अगदी स्वच्छ.

"लघवी साफ आहे ना? मग उगाच बाऊ करू नका," डॉक्टर म्हणायचे. दादा तर तिला फौजदारीणबाई म्हणून चिडवायचा.

आजही तो सकाळची पहिली लघवी घरून बाटलीत घेऊन तिच्या लॅबमध्ये आला आणि बाटली तिच्यासमोर ठेवून ऐटीत बसला. वहिनी नेहमीसारखी बाहेरच्या बाकावर, मांडीवर त्याची पिशवी घेऊन.

धाकटीने तपासणीची पट्टी बुडवली. रंग बदलला. प्रथिनं होती, वर साखरही उतरली होती. तिने दुसरी पट्टी बुडवली. तेच.

तिला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

"बघ. कधीची कानीकपाळी ओरडतेय मी. मूत्रपिंडातून प्रथिनं गळतायत."

दादाचा चेहरा उतरला. "पुन्हा बघ."

"दोनदा बघितलं."

त्याने बाटली स्वतःकडे ओढली. मग हळूच म्हणाला, "ही माझी नाही."

"म्हणजे?"

"हिची आहे. दर वेळी हिचीच आणतो. बाबांना त्या डायलिसिसच्या मशीनवर बघितलंय मी. माझं काही निघालं तर मलाही तिथेच बांधतील, म्हणून. ती नको म्हणत होती, मीच गळ घातली."

त्याला धरून गदागदा हलवावं असं धाकटीला वाटलं. ती पेशींचं गणित मांडत बसली, डॉक्टरांशी हुज्जत घातली, आणि हा शहाणा बायकोची लघवी मिरवत होता. पण तोंड उघडायच्या आत तिला दुसरंच सुचलं. वहिनीच्या नावाने इथे आजवर एक नळीसुद्धा भरली नव्हती. तिची लघवी तपासली गेली, तीही नवऱ्याच्या नावावर. तिला कसं वाटतंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. धाकटीनेही नाही.

तिने दादाच्या हातात रिकामी बाटली दिली आणि संडासाच्या दाराकडे बोट केलं. तो निमूट उठला. मग ती बाहेर गेली.

"वहिनी, आत या. रक्त घ्यायचंय."

"त्यांचं राहिलं का?"

"तुमचं."

"माझं कशाला? मी नुसती सोबत आलेय," वहिनी म्हणाली, आणि धाकटीला बसता यावं म्हणून पिशवी सांभाळत बाकावर थोडी सरकली.