उरुग्वेच्या सार्जंटाचं गाणं

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले जोतीराम उसाला पाणी पाजताना एक परदेशी गाणं म्हणायचे. इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गावात ते सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं. अर्थ मात्र कुणालाच ठाऊक नव्हता, खुद्द जोतीरामांनाही. पंधरा वर्षांपूर्वी ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोला गेले, तेव्हा शेजारच्या तंबूतला उरुग्वेचा एक सार्जंट ते रोज गायचा. आठ महिन्यांत चाल आणि शब्द जोतीरामांच्या तोंडात बसले.

त्यांच्या बायकोला, साळूबाईंना, ते कानावर नको असायचं. गाणं नक्की कुठल्यातरी बाईचं, असा त्यांचा संशय. "शेतात काय म्हनायचं ते म्हना. घरात न्हाई," त्यांनी बजावलं होतं.

धाकटी सून पूजा पाचगणीच्या शाळेत स्पॅनिश, म्हणजे उरुग्वेचीच भाषा, शिकवायची. सुट्टीत आली, तेव्हा साळूबाईंनीच तिला बांधावर नेलं. "ऐक आन् खरं सांग. मामास्नी वाईट वाटंल म्हनून झाकू नगंस."

पूजानं दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा लिहून घेतलं. काही शब्द तर पुस्तकातले नव्हतेच.

"मामा, हा टँगो आहे, तिकडचं नाचाचं गाणं," ती म्हणाली. "आणि ही तिथल्या बंदरावरची बोली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी देशोदेशीची माणसं पोटासाठी तिथं उतरली, त्यांच्या तोंडून झालेली. कित्येकांच्या बायका गावाकडंच राहिलेल्या. नाच शिकताना बाप्ये बाप्यांबरोबरच नाचायचे म्हणतात."

साळूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं.

"मला बी चार पावलं शिकवल्याली त्यानं," जोतीराम म्हणाले. "फौजी बूट घालून."

साळूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "आन् गाण्यात बाई हाय का न्हाई?"

पूजा अडखळली. "आहे, आत्या. ती निघून गेलीय. माणूस एकटाच जेवायला बसतो. सवयीनं दोन ताटं घेतो, मग एक उचलून ठेवतो. कुत्रं भुंकलं की दारात जाऊन बघतो. एवढंच गाणं."

साळूबाई म्हणाल्या, "दोन ताटं मी बी घ्यायची. तुमी पठाणकोटला हुता तवा. काँगोला गेल्यावर बी. पोरं हसायची."

"कवा बोलली न्हाईस."

"फोनवर तुमी इचारायचा काय? पाऊस झाला का, म्हस याली का. आन् मी हितं रागावून बसलिया. ह्ये तर माजंच गानं हाय."

पाणी सरी फोडून भलतीकडं चाललं होतं. जोतीरामांनी तिकडं बघितलं नाही. खोरं ठेवून ते बायकोशेजारी बांधावर बसले.

"म्हना की," साळूबाई म्हणाल्या. "पर दमानं. मला शब्द धरायचं हायती."

त्यांनी म्हटलं. साळूबाई मागून म्हणू लागल्या आणि दुसऱ्याच ओळीत अडल्या. पूजानं शब्द नीट करून दिला, तर कळलं की जोतीरामच तो पहिल्यापासून चुकीचा म्हणत होते. ते काही ऐकेनात. "सार्जंट असंच म्हनायचा," त्यांचा हेका. साळूबाईंनी सुनेची बाजू घेतली, आणि वीज जाऊन मोटर बंद पडेपर्यंत तिघं त्या एका शब्दावर हुज्जत घालत बसली.