विजेचा खोडरबर आणि नलिनीचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे, पण तुमच्या कंपासपेटीतला नव्हे. मी विजेवर चालतो. काळं गुळगुळीत अंग, पोटात चिमुकली मोटर, सुती आवरणाची वायर आणि तोंडात रबराची बारीक कांडी. बटण दाबलं की कांडी गरगर फिरते आणि मी भुंग्यासारखा गुणगुणू लागतो.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. लाकडाच्या भुशात झोपून मी बोटीने मुंबईला आलो. फोर्टातल्या एका कचेरीत नकाशे काढणाऱ्यांच्या चुका पुसण्यात माझी काही वर्षं गेली. ती कचेरी बंद झाली, तेव्हा विद्याधर मास्तरांनी मला मुलुंडला आणलं.

मास्तर चित्रकार होते. घराच्या पुढच्या खोलीत ते एअरब्रशने चित्रं रंगवत. पायाने पंप मारला की एअरब्रशच्या नळीतून रंग वाफेसारखा निघे आणि कागदावर अलगद उतरे. डोंगर, तळं, देऊळ, सारं त्या धुक्यात निजल्यासारखं दिसे. मग मास्तर मला उचलत. माझं टोक सँडपेपरवर घासून अणकुचीदार करत आणि रंगावर जेमतेम टेकवत. तेवढाच रंग उडे, खालचा पांढरा कागद उघडा पडे आणि तळ्यावर चांदणं सांडे. खोडूनही चित्र काढता येतं, हे मला तिथे कळलं. हात जरा जड झाला तर मात्र कागदाला भोकच!

"मास्तर, झकास! हे चांदणं कुठल्या रंगाचं?" लोक विचारत. मास्तर हसून माझ्याकडे बोट दाखवत. मला स्वप्नात असल्यासारखं वाटे.

एका सकाळी काशीराम आले. मूळचे कोकणातले, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी नलिनी बालवर्गात शिकवायची. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. त्या भयंकर रोगातून जो वाचे, त्याच्या चेहऱ्यावर बारीक खड्ड्यांसारखे वण कायमचे राहत.

"मास्तर, चेडवाच्या लग्नासाठी फोटो व्हयो," काशीराम हळूच म्हणाले. "तोंडावरचे वण दिसूक नको."

नलिनीचा मोठा करून घेतलेला फोटो त्यांनी बरोबर आणला होता. मास्तरांनी त्यावर रंगाचा तलम फवारा मारला. गाल लोण्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी नलिनी फोटो बघायला आली आणि बघतच राहिली.

"मास्तर, ही कोण?"

"तूच ना गं!"

"मी नाही. हिला बघून कोणी हो म्हटलं, तर बोहल्यावर उभी कोण राहणार? माझा चेहरा मला परत द्या."

"पण तुझे वडील..."

"बाबांना मी सांगते."

ओला बोळा फिरवला असता तर सगळाच रंग ओघळला असता. मास्तरांनी मला उचललं. मित्रांनो, इतकं भय मला कधी वाटलं नव्हतं. एखादा जास्तीचा फेरा, आणि गालाचीच चाळण झाली असती. मी अगदी हळू गुणगुणत राहिलो. धुकं विरताना वाटेवरचे खडे दिसू लागावेत, तसे रंगाखालून तिचे वण वर आले.

तेवढ्यात काशीराम दारात उभे राहिले. फोटो बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यां काय केलात मास्तर? वाट लावलात माझी!"

त्यांनी फोटो दोन्ही हातांनी फाडायला धरला.

"बाबा, मीच सांगितलं," नलिनी म्हणाली. "देवीत आपला नंदू गेला. मी उरले. हे वण म्हणजे माझं उरणंच आहे ना? त्याची लाज का वाटावी?"

काशीरामांचे हात थांबले. नंदू त्यांचा धाकटा मुलगा. बराच वेळ ते फोटोतल्या गालावरून अंगठा फिरवत राहिले.

"तेव्हा देवाक गाऱ्हाणा घातललंय," ते पुटपुटले. "ह्यां चेडू तरी ऱ्हवांदे म्हणान."

त्यांनी फोटो कागदात नीट गुंडाळला आणि लेकीबरोबर घरी गेले.

तो फोटो दोन घरांतून परत आला. मग बोरिवलीच्या सुहासिनीबाई मुलाला, श्यामकांतला, घेऊन मुलगी बघायला आल्या. तिथे काय झालं, ते नलिनीने पेढे द्यायला आल्यावर मास्तरांना सांगितलं. सुहासिनीबाईंनी फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, फोटोतलीच मुलगी समोर आली की! आजवर प्रत्येक घरात दुसरीच यायची."

पुढे मास्तरांची नजर अधू झाली. मी खणात पडलो. माझ्या कांड्या कडक झाल्या, वायर उंदरांनी कुरतडली. आता खणातल्या अंधारात मला धुक्यातले डोंगर दिसतात आणि मी मनातल्या मनात गुणगुणतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं हत्यार असंच निजलेलं असेल. ते भंगारात घालण्याआधी एकदा पुसून, दुरुस्त करून बघा. आणि खोडायचं साधन कधी तुमच्या हाती आलं, तर हात हलका ठेवा. रंगाखाली माणूस असतो.