एक वाव पाणी

"तो नारिंगी मऊ पोवळ्याचा गोळा वर ठेवा, दिव्याखाली. पेशंटांना समोरच दिसेल," डॉक्टर वाइल म्हणाले.

"आठ दिवसांत कफनासारखा पांढरा पडेल. मग पेशंटच पळतील," मुअल्लिम मर्झूक म्हणाले.

मला हसू आवरेना. जेद्दाच्या आमच्या दुकानात सगळे त्यांना मुअल्लिम, म्हणजे उस्ताद म्हणतात. तीस वर्षं त्यांनी समुद्रात बुड्या मारल्या. तीन वर्षांपूर्वी कानांनी दगा दिला आणि याच डॉक्टरांनी त्यांना समुद्र बंद केला. आता त्यांच्याच दवाखान्यात पोवळ्यांची काचेची टाकी मांडायला आम्ही आलो होतो. नशिबाची थट्टा, दुसरं काय!

दिवा डॉक्टरांनी आधीच आणला होता, भर दुपारच्या उन्हासारखा. त्याखाली टिकेल असंच पोवळं निवडायचं होतं. आमचे तुकडे दुकानातच वाढवलेले, समुद्र न पाहिलेले. तरी मुअल्लिम प्रत्येकाच्या आजोबांचं घर सांगायचे.

"हा जांभळ्या फांद्यांचा. याचं खानदान एका वावावरचं, ऊन पिऊन वाढणारं. हा वर. नारिंगी बाईसाहेब दहा वावांखालच्या, पडद्यातल्या. त्या तळाशी, कपारीत."

"वाव म्हणजे किती हो?" डॉक्टरांनी विचारलं.

मुअल्लिमांनी दोन्ही हात पसरले. "एवढं. माणूस जेमतेम बुडतो." हात तसेच ठेवून ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, मला तेवढंच द्या. एकदाच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मुअल्लिम, एक कान गेलाय. दुसऱ्याचाही पडदा फाटका आहे. तो गेला तर नातवंडांची हाक ऐकू यायची नाही. नाही म्हणजे नाही."

"बरं," मुअल्लिम म्हणाले आणि हात खाली घेतले.

मी लांब चिमटा पुढे केला. "चिमट्याला काय कळतंय?" म्हणत त्यांनी बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात टाकीत घातला. जांभळा तुकडा त्यांनी आधी खालीच बसवला. उन्हातला असला तरी नव्या दिव्याची सवय व्हावी म्हणून दर आठवड्याला वीतभर वर चढवायचा, ही त्यांची रीत.

तुकडा बसला, पण हात बाहेर येईना. पंपाचं खारं पाणी दंडावरून वाहत होतं. मुअल्लिमांचे डोळे मिटलेले. बाहेर पेशंट खोळंबले होते. चला म्हणायला माझी जीभ रेटेना. डॉक्टरांनीच हळूच दार लोटून घेतलं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले, "वर चढवायला दर आठवड्याला तुम्हीच या. किती आठवडे लागतील?"

"ते पोवळ्यावर आहे," मुअल्लिम म्हणाले.

दुकानात परतलो तेव्हा तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, असरची अजान झाली होती. मुअल्लिम नळाशी वजूला, नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला बसले. हात कोपरापर्यंत धुतात, तसा त्यांनी धुतला. वर एक थेंब जाऊ दिला नाही. दंडावर मीठ वाळून पांढरं झालं होतं. त्यावर त्यांनी अलगद बाही उतरवली.