तेलकट काडी

ते १९९७ साल होते, चिनी पंचांगातले बैलाचे वर्ष. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस नऊ वर्षांची एक मुलगी तीन वेळा "मी नाही" म्हणाली आणि तिचे कुणी ऐकले नाही. मी ऐकले. पण मित्रांनो, मी पडले लोणच्याची बरणी. मला पोट आहे, गळा आहे, तोंडही आहे. वाचा तेवढी नाही. म्हणून ही साक्ष इतकी वर्षे माझ्या पोटातच मुरत राहिली.

माझा जन्म सिचुआनमधल्या एका नदीकाठच्या भट्टीत झाला. कुंभाराने मला तपकिरी झिलई दिली आणि गळ्याभोवती बोटभर खोल पाळ काढली. त्या पाळीत पाणी भरायचे आणि वाटीसारखे झाकण त्यात पालथे बसवायचे. मग बाहेरचा वारा आत येत नाही आणि आतला वारा बुडबुड करत बाहेर पडतो. आमच्याकडच्या बायका त्या आवाजावरून ओळखतात की बरणी खुशीत आहे.

एका नव्या नवरीने मला पाठीवरच्या टोपलीतून डोंगर चढवून घरी नेले. तिने माहेरून आणलेले खारे पाणी माझ्यात ओतले. ते पाणी माझ्याहूनही जुने होते. विरजणासारखे ते घराघरांतून चालत येते. त्यात मुळा घाला, आले घाला, चवळीच्या कोवळ्या शेंगा घाला. पथ्य दोनच. कच्चे पाणी नको आणि तेलाचा थेंब नको. माझ्यातले काढायला वेगळ्या काड्या खिळ्याला टांगलेल्या असत. जेवायच्या काड्या माझ्यात बुडवायची घरात कुणाची छाती नव्हती. ती नवरी पुढे सासू झाली, तेव्हा सुनेला म्हणाली, "माझ्यावर रागाव, नवऱ्यावर रागाव, पण बरणीला उष्टी काडी लावू नकोस."

ती सून म्हणजे सूछिन. तिचा नवरा देग्वे दूर दक्षिणेला, ग्वांगझौ शहरात इमारतींच्या कामावर होता. चार वर्षे तो फक्त नवीन वर्षाच्या सणाला येई. चौथ्या वर्षी तो उंबऱ्यात उभा राहिला, तेव्हा त्याची लेक रोंगरोंग त्याला म्हणाली, "काका, आत या ना." देग्वे हसला. सूछिन हसली नाही. सण सरला तसे तिने मला गोधडीत गुंडाळले, लेकीचा हात धरला आणि गाडी पकडली. तिघांनी एका गावात राहायचे, लेकीने तिथल्याच शाळेत जायचे, एवढेच तिला हवे होते.

शहराच्या पोटात एक जुने खेडे अडकले होते. तिथे घरे इतकी खेटून होती, की खिडकीतून हात घातला तर शेजारणीच्या चुलीवरचे झाकण उचलता यावे. त्यातल्या एका घराची मालकीण होती क्वानकाकू. दारात मला पाहताच ती ओरडली, "अगं ए! कुणाची हाडं घेऊन शिरतेस माझ्या घरात?"

तिकडे वाडवडिलांची हाडे धुऊन अशाच तपकिरी बरण्यांत ठेवतात आणि बरण्या डोंगरावर मांडतात. सूछिनला हे कुठले माहीत!

"हाडं नाहीत हो काकू, चवळीच्या शेंगा आहेत. खारातल्या."

"झाकण काढ. बघू दे." झाकण निघाले. काकूने पदर नसल्यामुळे बाहीच नाकाला लावली. "थू! यापेक्षा हाडं परवडली. त्यांना वास तरी नसतो!"

गल्ली खो खो हसली. तिथल्या लोकांना आम्ही 'उत्तरेकडचे'. आमचे गाव पश्चिमेला, पण त्यांच्या लेखी त्यांच्या डोंगरापलीकडचे सगळे जग उत्तरच.

दुसऱ्या दिवशी सूछिन बशीभर शेंगा घेऊन वरच्या मजल्यावर काकूकडे गेली. घरमालकिणीला खूश करावे म्हणून. काकूने चार शेजारणींना हाका मारल्या आणि ती बशी आपल्या कुत्र्यापुढे ठेवली. "बघू या, कुत्रं तरी तोंड लावतं का!" कुत्र्याने बशी चाटूनपुसून लख्ख केली. एक शेजारीण म्हणाली, "तुझं कुत्रंही उत्तरेचंच दिसतंय, क्वान!" त्या दिवसापासून काकूचा आमच्यावरचा राग दुप्पट झाला.

आणि तरीही चौथ्या दिवशी, भर दुपारी, आमच्या खोलीच्या कुलपात तिची किल्ली फिरली.

सूछिन तेव्हा कापडाच्या कारखान्यात बटणे लावत असे. रोंगरोंग शू ताईच्या भाजीच्या पाटीपाशी बसे. शू ताई आमच्याच तालुक्यातली. आल्याआल्याच सूछिनने तिला माझ्यातले डावभर खारे पाणी दिले होते, रीतच आहे ती. खोली रिकामी होती. काकू आत आली, तिने दार लोटले, खिळ्यावरच्या काड्या घेतल्या आणि एक शेंग उचलली. खाल्ली. जरा थांबली. मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या दिवशी ती पेजेचा वाडगाच घेऊन आली. मला वाटले, आता ही बाई निवळेल. किती भोळी मी! तोंड पुसून ती बाहेर पडली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "शी! काय तो घाण वास या खोलीचा!" जे कुत्र्यापुढे टाकले, ते आता चारचौघांत मागून खाणार कसे?

शेंगा कमी होऊ लागल्या. सूछिन लेकीला हसत म्हणे, "दोन पायांचा उंदीर लागलाय वाटतं माझ्या बरणीला." रोंगरोंग नाही म्हणून मान हलवी. आईला ते खरे वाटत नसे.

जुलैत सूछिन शाळेत जाऊन आली. सरकारदरबारी आपली नोंद दूरच्या खेड्यातली असली, की मुलाला शहरातल्या शाळेत बसवायला पाच कागद लागतात. चार तिने मिळवले होते. कारकुनाने ते चाळले. "पाचवा? घरमालकाची चिठ्ठी?"

"आणते ना."

"महिनाअखेरीपर्यंत. नाहीतर गाडी धरा. तुमच्या गावात शाळा नाही का? येतात मेले उठून." हे सगळे तिने संध्याकाळी देग्वेला सांगितले, आणि कारकुनाचा आवाज काढताना तिचा स्वतःचाच आवाज फुटला.

काकू म्हणाली, "देईन की चिठ्ठी. अखेरीला. तोवर पोरीला माझं अंगण झाडू दे."

रोंगरोंगने अंगण झाडले. जुलै झाडला, ऑगस्ट झाडला. आणि एका दुपारी, तोंडात माझी शेंग असतानाच, काकू खिडकीतून समोरच्या घरात राहणाऱ्या आपल्या बहिणीशी बोलली, "चिठ्ठी कसली देतेय! सहा खोल्यांत सहा बिऱ्हाडं कोंबलीयत. चिठ्ठी दिली की कचेरीतली माणसं येतील खोल्या मोजायला."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"अंगण कोण झाडेल मग?"

मित्रांनो, बरणी फुटते कशाने, ठाऊक आहे? उकळते पाणी ओतल्याने. त्या दिवशी मी न ओतताच फुटायची बाकी होते.

सव्वीस तारखेला वरच्या मजल्यावर जेवणावळ होती. भाजलेला हंस होता. काकू मधूनच उठून खाली आली, हातात तिच्या जेवायच्याच काड्या, चरबीने चकचकीत. माझ्या काड्या हातभर अंतरावर टांगलेल्या होत्या. तिने तिकडे पाहिलेही नाही. काडी आत गेली, आणि चरबीचे बारीक गोल डोळे पाण्यावर पसरले. घाईत झाकणही तिरपे बसले. पाळीतले पाणी त्या उकाड्यात दुपारीच आटले.

तीन दिवसांत मी नासले. पाण्यावर पांढरी साय धरली, शेंगांना तार सुटली. तेव्हा खरोखरच वास आला.

एकोणतीस तारखेला संध्याकाळी सूछिनने झाकण उचलले आणि मला दिव्याजवळ ओढले. मग तिने आत वाकून पाहिले. चरबीचा थेंब.

"रोंगरोंग! जेवायची काडी घातलीस यात?"

"मी नाही, आई."

"खोटं बोलू नकोस! दिवसा इथे दुसरं असतं कोण?"

"मी नाही."

सूछिनने तिला मारले. आयुष्यात पहिल्यांदा. "आजीने इतकी वर्षं जपलं, आणि तू सहा महिन्यांत..."

"मी नाही गं," रोंगरोंग तिसऱ्यांदा म्हणाली. हातात अजून अंगणाचा झाडू होता.

तेवढ्यात क्वानकाकू दारात आली. नाकाला रुमाल, मागे गल्ली. "बस्स झालं! सहा महिने सोसलं मी. उद्या खोली मोकळी करा."

"काकू, पाया पडते. आत्ता ओतून टाकते सगळं. पण ती चिठ्ठी..."

"कसली चिठ्ठी? असली सडकी माणसं माझ्या घरात राहतात, हे मी लेखी देऊ?"

तिचा डोळा माझ्याकडे गेला. क्षणभरच. तिला ठाऊक होते आणि मला ठाऊक होते. आम्हां दोघींत बोलू शकणारी ती एकटीच होती आणि ती बोलली नाही.

गल्ली पांगल्यावर सूछिन लेकीला हळूच म्हणाली, "एका काडीपायी तुझी शाळा गेली, पोरी." मारापेक्षा ते वाक्य रोंगरोंगला जास्त लागले असावे. तिने झाडू दाराआड उभा केला.

सकाळी सूछिनने ते म्हातारे पाणी गटारात ओतले. मला उचलायला गेली, तर काकू म्हणाली, "बरणी राहू दे इथंच. वासाची भरपाई."

पुढे काकूने तीनदा माझ्यात शेंगा घातल्या. हाती येईल ती काडी, येईल ते पाणी. तिन्ही वेळा सडल्या. मग मला अंगणात ठेवून माझ्यात झाडू उभा करू लागली. पाळीत पाने कुजली, मुंग्या आल्या. आठ वर्षे अशी गेली. दोन हजार पाच साली ती सगळी गल्लीच पाडली. विटांच्या ढिगातून मला शू ताईने ओळखले आणि भाजीच्या गाड्यावर घालून नेले. घासले, उन्हात वाळवले आणि सूछिनने दिलेले ते डावभर पाणी, जे तिने वाढवून जपले होते, ते माझ्यात ओतले. त्या रात्री पाळीत बुडबुडा आला, आणि शू ताई एकटीच मोठ्याने हसली.

आता कोण कुठे आहे ते सांगते. शू ताई भाजी सोडून लोणची विकते. मी तिच्या दुकानात पुढेच बसते. देग्वे पाठ धरल्यावर गावी परतला, तो डुकरे पाळतो. सूछिन लेकीला सासूकडे सोडून आठवड्याच्या आत परत बटणे लावायला आली. तिने पुढची सहा वर्षे लेकीला फक्त सणाला पाहिले. एका सणाला रोंगरोंग तिला "काकू" म्हणाली नाही, पण "आई"ही म्हणाली नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून रोंगरोंग याच शहरात आली. खोकी बांधते. तिला एक मुलगा आहे, तो गावी तिच्या सासूकडे असतो.

क्वानकाकू नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते. दर आठवड्याला शेंगा न्यायला येते आणि मला ओळखत नाही. एकदा तिने पिशवीतून आपल्या काड्या काढून माझ्या तोंडाशी नेल्या. शू ताईने तिच्या हातावर चापट दिली. "काकू, हात लांब! इथं काड्या माझ्या."

गेल्या सणाआधी मायलेकी दुकानात आल्या होत्या. सूछिनने चव घेतली आणि म्हणाली, "तेच पाणी आहे." तिने एक शेंग लेकीपुढे धरली.

"नको," रोंगरोंग म्हणाली. "मी तेव्हाही चोरून खाल्ल्या नव्हत्या."

"जाऊ दे गं आता. लहान होतीस. मी कधीच माफ केलंय तुला."

रोंगरोंगने पिशवी उचलली आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी काही नासले, सांडले, फुटले, तर घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे आधी बोट दाखवू नका. दूरच्या गावाहून आलेल्या बाईच्या बरणीतले खाऊन तिच्याच दारात नाक धरू नका. आणि शेंग घ्यायचीच असेल, तर मागून घ्या. माझ्या काड्या इथेच खिळ्याला टांगलेल्या आहेत. तेव्हाही टांगलेल्याच होत्या.