नाचणारे गोल

शंतनूचे गोल नाचायचे, आणि त्या नाचावर त्याचा भारी जीव होता.

मजुरांना डांबून ठेवल्याच्या तक्रारींचा तपास करणाऱ्यांसाठी त्याने बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. प्रत्येक माणूस म्हणजे एक गोल, कुणी कुणाला आणलं, कुणी कोंडलं, ते दाखवणाऱ्या रेषा. नवं नाव घातलं की सगळे गोल झोकात गिरकी घेऊन आपोआप नवी रचना करायचे. त्यात अख्खा उन्हाळा गेला होता.

आज पद्मावतीअक्का ते वापरून बघायला आल्या होत्या. अक्का वकील, तिथल्याच पिढीजात मराठी घरातल्या. त्यांच्या संस्थेनं नाही म्हटलं, तर ते घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

अक्कांनी होसकोट्याकडच्या एका कारखान्याचं प्रकरण घेतलं. मजूर खाली, ठेकेदार वर, असे गोल नीट मांडले आणि आणखी एक नाव घातलं. झालं! सगळ्यांनी जागा बदलल्या.

"अय्यो! काय केलास रे?"

"अक्का, ते ऑप्टिमाइझ होतं, ऑटोमॅटिक."

"माझं स्वैपाकघर असं कुणी ऑप्टिमाइझ केलं, तर त्याला परत घरात घेणार नाही मी."

त्यांनी पुन्हा मांडलं, गोल पुन्हा नाचले. अक्कांनी लॅपटॉप मिटला. "आमची भिंतीवर चिकटवलेली नावं आणि दोराच बरा. स्वल्प जुना आहे, पण हलत नाही."

शंतनू पुण्याचा गडी, वाद घातल्याशिवाय कसा ऐकेल? "अहो, जागेला अर्थच नसतो. अर्थ रेषांना असतो."

"ह्या माणसांना एकदा न विचारता ट्रकमध्ये घालून हलवलंय," अक्का शांतपणे म्हणाल्या. "आता तूही हलवतोस?"

शंतनूने लॅपटॉप उघडला आणि नाच बंद केला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला?

अक्कांनी सगळं परत मांडलं. नवं नाव आलं, ते गुमान एका बाजूला उभं राहिलं.

"सरी, आता ठीक आहे," अक्का खुलल्या. "उद्या आमच्या ऑफिसात ये, सगळ्यांना शिकव."

शंतनूला टुणकन उडी मारावीशी वाटली. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. "अक्का, हा परसू आणि ही भव्या शेजारीशेजारी का? मध्ये रेष तर नाही."

"नवराबायको आहेत. लग्नाचा कागद नाही, म्हणून रेष ओढली नाही मी. कारखान्यात त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलं होतं." अक्कांनी दोन्ही गोल आणखी थोडे जवळ सरकवले. "इथं तरी बसू देत."