हवानाचं प्रायश्चित्त

हवाना शहर मी इतकं फिरलो आहे, की तिथल्या टांगेवाल्यानं वाट विचारली तरी सांगेन. एकच गोष्ट राहून गेली, तिथं जायची.

चौतीस साली मी मुंबईला गेलो आणि ठाकुरद्वारच्या एका खानावळीत चौदा महिने पोळ्यांची कणीक तिंबली. समुद्र पाहिला तो चौपाटीवर, घोट्याएवढा. नाशिकला परतलो तर पहिल्याच दिवशी रामकुंडावर चार उपाध्ये आडवे आले. "काय वेण्या, होतास कुठं?" आता तीर्थोपाध्यांच्या घरचा वेणीमाधव परक्याची कणीक तिंबत होता, हे कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणालो, "बोटीवर होतो. हवानाला."

हवानाचं नाव मला इसाककडून मिळालेलं. इसाक आमच्या नाशिकच्या कोकणीपुऱ्यातला, आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा, हवानाला खरोखर तीनदा जाऊन आलेला. बोट मुंबईला लागली की खानावळीच्या मागच्या ओट्यावर बसून मला ते शहर सांगायचा. सांगायचा ते खरं, पण अगदीच अळणी. मीठ-मसाला मी घातला.

पुढं वर्षभर मी गावाला हवाना दाखवलं. यात्रेकरूला क्षेत्र दाखवायची आमची एक चाल आहे ना, "हे रामकुंड, आचमन करा, पुढं चला, ही सीतागुंफा, वाका, डोकं सांभाळा," त्याच चालीवर. "हा बंदराच्या तोंडावरचा किल्ला. इथून पलीकडच्या काठाला साखळी ओढत, एकेक कडी सरकारवाड्याच्या दरवाज्याएवढी. पुढं चला. ही तोफ. रोज नऊला उडते, तिच्या दणक्यानं गावातल्या सगळ्या घड्याळांचे काटे आपसूक नऊवर येतात. हे त्यांचं मोठं देऊळ. एक बुरूज जाड, एक बारीक, कारण बांधताना भावाभावांत वाटणी झाली. हे सावरीचं झाड, याला लोक तीन प्रदक्षिणा घालतात. हात जोडा." आणि लोक खरंच हात जोडायचे. एका म्हातारीनं तर दक्षिणाही ठेवली.

मग माझ्या बहिणीचं, इंदिरेचं, लग्न त्र्यंबकला ठरलं. मुहूर्ताला बारा दिवस असताना व्याह्यांचा निरोप आला: मुलीचा भाऊ समुद्रापार जाऊन परक्याचं अन्न खाऊन आल्याचं ऐकतो. नाशिकच्या ब्रह्मवृंदानं निवाडा द्यावा, नाहीतर सोयरीक मोडली.

इंदिरेला सगळं खरं ठाऊक होतं. "दादा, सरळ सांग ना, गेलो नव्हतो म्हणून."

"चारचौघांत?"

"मग मी चारचौघांत जन्मभर घरी बसू?"

मी सांगायचं कबूल केलं.

सभा एकादशीला भरली, कारण त्या दिवशी कुणाला कुणाकडं जेवायला जायचं नसतं. मधोमध यज्ञेश्वरशास्त्री, भोवती आठ जण, सगळ्यांची पोटं रिकामी. मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "शास्त्रीबुवा, मी हवानाला गेलोच नाही. ठाकुरद्वारला कणीक तिंबत होतो."

सगळे हसले.

"अंगावर आलं की सगळे असंच म्हणतात," शास्त्रीबुवा म्हणाले.

इंदिरेनं दाराआडून माझ्या पत्रांचा गठ्ठा पुढं सरकवला, सगळ्यांवर मुंबईचे शिक्के. शास्त्रीबुवांनी तो उघडलासुद्धा नाही. "आधी लिहून ठेवायची आणि मागाहून कुणाकडून तरी टाकायची. यात काय अवघड आहे? बरं वेण्या, त्या झाडाला प्रदक्षिणा उजवी की डावी?"

"उजवी," मी सवयीनं बोलून गेलो.

"बघा! ते राहू दे. खाल्लंस काय?"

"खानावळीत पोळी-भाजी."

"तो काळ्या घेवड्याचा भात तू मागं सांगितला होतास. लसूण होता त्यात?"

खरं तर गप्प बसायचं. पण नऊ माणसं श्वास रोखून बघत असली की माझी जीभ माझी राहत नाही. "होता," मी म्हणालो. "तुपात लालसर केलेला."

"आणि केळी?"

"कच्ची. जाड चकत्या करून तळायच्या, गरम असतानाच मुठीनं चेपायच्या आणि पुन्हा तळायच्या. वरून मीठ."

कुणाचं तरी पोट गुरगुरलं.

"कशात तळायच्या?"

इसाकनं डुकराची चरबी सांगितली होती. "खोबरेल तेलात," मी म्हणालो.

"म्हणजे उपासाला चालतील," कोपऱ्यातून एक जण पुटपुटला. शास्त्रीबुवांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं आणि मला विचारलं, "पेरूची बर्फी केवढी?"

तेवढ्यात इंदिरा न राहवून दाराबाहेर आली. "इसाकभाई रजेवर आलेत. ते खरे जाऊन आलेत. त्यांना विचारा की!"

हे सगळ्यांना पटलं. इसाकला बोलावून अंगणात बसवलं. त्याला वेळ लागला नाही. "हा कधी गेला? हा तर पिठात कोपरापर्यंत बुडालेला असायचा."

"ते आम्ही ठरवू," शास्त्रीबुवा म्हणाले. "देवळाचे दोन बुरूज सारखे का नाहीत?"

"नाहीत खरे. का, ते मला काय ठाऊक?"

"वेण्याला ठाऊक आहे. भाऊबंदकी." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या तिघांचे भावांशी दावे चालू होते.

"बंदरातली साखळी केवढी?"

"ती जुनी गोष्ट. मी कुठं पाहिली?"

"अरे, तीनदा गेलास ना? खाल्लंस तरी काय?"

"बोटीवरचा डाळभात. गावात एकदा कॉफी प्यायलो. कडू होती."

"कडू कॉफी प्यायला हा दर्यापार गेला!" अंगणात हशा पिकला.

इसाक चिडला. चिडला आणि त्यानं दोन खऱ्या गोष्टी सांगितल्या, तिथंच सगळं बिघडलं. म्हणाला, "सुभेदाराच्या जुन्या वाड्यासमोर लाकडाचा रस्ता आहे. घोड्यांच्या टापांनी त्याची झोप मोडू नये म्हणून केलेला."

"लाकडाचा रस्ता! आणि लोखंडाची झाडं?"

"आणि तंबाखूच्या कारखान्यात विड्या वळणाऱ्यांना एक माणूस उंच खुर्चीवर बसून दिवसभर पुस्तक वाचून दाखवतो. अल्लाशप्पथ."

"पुरे!" यज्ञेश्वरशास्त्री कडाडले. त्यांच्या पुराणाला रोज चार म्हाताऱ्या येत, त्यातल्या दोन झोपत. "विड्या वळणाऱ्यांना पुराणिक! काहीतरी लाज बाळग."

निवाडा झाला. इसाक हवानाला गेलेला नाही. वेणीमाधव गेला आहे. म्हणून वेणीमाधवानं क्षौर करावं, पंचगव्य घ्यावं, रामकुंडात स्नान करावं, आणि ज्या अन्नानं पाप लागलं तेच अन्न द्वादशीच्या पारण्याला स्वतः शिजवून, मंत्रानं शुद्ध करून, नऊ ब्राह्मणांच्या मुखी घालावं.

"लसूण वगळून," एक जण म्हणाला.

"मंत्र कशाला आहे मग?" कोपऱ्यातल्यानं विचारलं.

मी इंदिरेकडं पाहिलं. तिनं हात जोडले, मला की देवाला, कळलं नाही. मी निवाडा मान्य केला.

पहाटे डोकं भादरून घेतलं, पंचगव्याचा घोट गिळला आणि जन्मात न पाहिलेलं जेवण रांधायला बसलो. काळा घेवडा मिळेना, अख्खे उडीद घातले. केळी चेपताना तळवे पोळले. नऊ जण जेवले ते हात वाळेपर्यंत जेवले. शेवटी शास्त्रीबुवांनी ढेकर देऊन शुद्धिपत्र लिहिलं, 'वेणीमाधव हा हवाना नगरी सर्वत्र फिरून, तेथील अन्न भक्षून आला व विधिपूर्वक शुद्ध झाला,' आणि खाली नऊ सह्या. ते त्र्यंबकला गेलं आणि लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. पंगतीत व्याह्यांनी मला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं आणि वरणभात होईपर्यंत मला हवानाच्या किल्ल्यावरून पुढं जाऊ दिलं नाही.

इंदिरेची पाठवणी करून आलो, तर दारात इसाक.

"तीनदा गेलो रे मी," तो म्हणाला. "भट्टीपुढं कातडी भाजून निघाली. आता तुमच्या निवाड्याची बातमी कोकणीपुऱ्यात पोचली आणि घरी जहिदा विचारते, खरं सांगा, त्या तीन खेपांना कुणाकडं होतात? दोन दिवस झाले, चूल पेटली नाही."

माझ्या तुळतुळीत डोक्याला घाम फुटला. "मग मी काय करू?"

"तू चल. तुझं तर कागदावर आहे."

गेलो. उंबऱ्याबाहेर उभा राहून जहिदाभाभींना सांगितलं, की इसाकभाई मला हवानातच भेटले, समुद्राच्या लांबलचक कठड्यावर एकटेच बसले होते, घरच्या आठवणीनं डोळे भरून आले होते. इसाक खाली मान घालून ऐकत होता.

भाभींनी माझा गोटा नीट न्याहाळला. मग आत जाऊन चूल पेटवली.

"आता पटलं," आतून आवाज आला. "भटजी कशाला खोटं बोलतील?"